ताई, सही करण्याआधी

लीड्स,
रविवार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

जमिनीच्या हक्कसोडपत्राचा विषय तू फोनवर दोन वाक्यांत उरकलास. "दादा म्हणतोय, दिवाळीच्या आत होऊन जाऊ दे," एवढं बोलून लगेच द्राक्षांच्या छाटणीवर आलीस. माझ्या मात्र ते डोक्यातून जात नाही. सध्या अभ्यासाला शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या आहेत, आणि त्यातल्या बायकांचं सगळं भांडण ह्याच गोष्टीशी येऊन ठेपतं.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने 1928 साली केंब्रिजला मुलींच्या दोन कॉलेजांत भाषणं दिली, त्यांतून पुढच्या वर्षी पुस्तक झालं. विषय होता बायका आणि कथा-कादंबरी. ती बोलली पैशांवर! लिहायचं तर बाईकडे वर्षाला 500 पौंड हवेत आणि स्वतःची, आतून कुलूप लागेल अशी खोली हवी. पुस्तकातल्या निवेदिकेला हे पैसे मिळतात ते आत्याकडून. आत्या मुंबईत घोड्यावरून पडून वारली आणि भाचीच्या नावे ठेवून गेली. साधारण त्याच सुमारास बायकांना मताचा हक्क मिळाला; ती सरळ सांगते, दोन्हींत मला पैसा मोठा वाटला. त्याआधी ती पाकिटांवर पत्ते लिहायची, म्हाताऱ्या बायकांना वाचून दाखवायची, खोटी फुलं करायची. कष्टांपेक्षा तिला जाळलं ते सतत कुणाची तरी मर्जी राखण्याने. इथे मी पुस्तक मिटलं. शाळेतला पगार तुझा, पण भिशीचा हप्ता भरायलाही तुला घरात विचारावं लागतं.

वुल्फच्याच 1927 सालच्या कादंबरीत लिली ब्रिस्को नावाची चित्रकार आहे. बायकांना चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही, असं एक पाहुणा तिला ऐकवतो. रात्री सगळे जेवायला बसलेत, यजमानीणबाईंना हिचं लग्न लावून द्यायची घाई, आणि हिची नजर जाते टेबलक्लॉथवरच्या मीठदाणीकडे. तिला सुचतं, चित्रातलं झाड आणखी मधे घ्यायला हवं. विसरू नये म्हणून ती मीठदाणी उचलून नक्षीवर दुसरीकडे ठेवते. कुणाला पत्ताही नाही! चव्वेचाळिसाव्या वर्षी ती तसंच एक चित्र पूर्ण करते. तू पोळ्या लाटताना परातीतल्या पिठावर बोटाने रांगोळी काढायचीस, ते मला आठवलं.

डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांतली मिरियम तर लंडनमध्ये दातांच्या डॉक्टरांकडे आठवड्याला एका पौंडावर नोकरी करते आणि माळ्यावरची खोली भाड्याने घेते. त्या खोलीत पाऊल टाकतानाचा तिचा आनंद वाच कधीतरी.

आता आपलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. तासगावच्या सातबाऱ्यावरचं तुझं नाव कुणाच्या मेहरबानीचं नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती मलाही आहे, दादा वाईट नाही हेही मला कळतं. पण भाऊबीजेची साडी आणि जमिनीचा वाटा ह्यांची बरोबरी होत नाही, ताई.

माझी सही मी करणार नाही, हे दादाला ह्याच आठवड्यात मीच सांगेन. तुझ्या वतीने मात्र काही बोलणार नाही. तुला काय हवंय ते तू ठरव, आणि भाऊजींना विचारण्याआधी मला एकटीला फोन कर. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

आईला नमस्कार.

तुझी,
सुमी