गणित शिकलेल्यांना एम.टेक.ची वाट मोकळी करा : केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी बडोद्यात एम.एस्सी.च्या वर्गांना गणित शिकवते. निकालानंतर दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, मला एम.टेक. करता येईल का?" मुलांची कुवत पाहता उत्तर 'हो' असायला हवं. नियम पाहता ते देताना मी अडखळते.

यंदा विचारणाऱ्या मुलीचे वडील मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फिटर आहेत. तिचा प्रबंध उष्णतावहनाच्या समीकरणावर होता, ते तिने फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे कल्पून, संगणकावर सोडवलं होतं. ती गेट या एम.टेक. प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत 'इंजिनिअरिंग सायन्सेस'च्या पेपरला बसली. त्यात अभियांत्रिकी गणित सर्वांना सक्तीचं, 15 गुणांचं. पुढे आपल्या आवडीचे दोन विभाग, प्रत्येकी 35 गुणांचे. तिने द्रवयांत्रिकी आणि उष्मागतिकी घेतली, दोन्ही विषय एनपीटीईएलची मोफत ऑनलाइन व्याख्यानं ऐकून स्वतः शिकली आणि चांगला स्कोअर आणला. मग राज्याबाहेरच्या एका संस्थेत थर्मल इंजिनिअरिंगसाठी अर्ज भरायला बसली, तर पदवीच्या रकान्यात फक्त बी.ई.-बी.टेक.च्या शाखा! मुलाखत दूरच, अर्जसुद्धा पुढे सरकला नाही. जे विषय येतात की नाही हे पाहायला राष्ट्रीय परीक्षा घेतली, ते येतात असं त्याच परीक्षेने सांगितलं, तरी दार बंद. हे मला पटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यात विज्ञान-गणितातल्या चार वर्षांच्या पदवीनंतर किंवा तीन अधिक दोन वर्षांच्या शिक्षणानंतर जवळच्या शाखांत एम.टेक.ला प्रवेशाची मुभा आहे. पण अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) पात्रतेच्या अटीत नेमक्या कोणत्या पदव्या बसवायच्या, हे प्रत्यक्षात संस्थांवर सोडलेलं दिसतं, आणि बहुतेक जण सोयीची जुनी यादी पुढे चालवतात. आयोग आणि परिषद दोन्ही आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत.

परिषदेच्या नियमांत बी.एस्सी. झालेल्याला बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे मला ठाऊक आहे. पण पाच वर्षं गणित शिकून झाल्यावर आणखी तीन वर्षं पदवीच्याच वर्गात? फिटरच्या घरात ही तीन वर्षं कोण पोसणार?

उणीवही सांगते, कारण ती झाकून मागणी करणं बरोबर नाही. आमच्या मुलांनी मशीन ड्रॉइंग केलेलं नसतं, मोजमापाच्या प्रयोगशाळेत हात घातलेला नसतो, तुळई वाकली तर ताण कुठे येतो हे त्यांना समीकरणात कळतं, लोखंडात नाही. ही कमतरता खरी आहे, पण एका जोडसत्रात, म्हणजे राहिलेले विषय शिकवणाऱ्या जादा सत्रात, भरून निघण्याजोगी आहे. कंट्रोल सिस्टिम्स, सिग्नल प्रोसेसिंग, संगणकीय यांत्रिकी, ऑपरेशन्स रिसर्च या शाखांत तर निम्मं काम आमच्याच फळ्यावर झालेलं असतं. भारतीय सांख्यिकी संस्था संगणकशास्त्राच्या एम.टेक.ला गणिताचे एम.एस्सी. घेते, काही आयआयटीही काही शाखांत घेतात. त्यामुळे दर्जा घसरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढलं. यंत्रकाम, रंगकाम आणि त्यांमागचं शास्त्र एकाच ठिकाणी शिकवायचं, हा त्यामागचा विचार. 2024 मध्ये याच शहरात हवाई दलाच्या सी-295 मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. विमानाच्या पंखांचं कंपन म्हणजे आमच्या वर्गातली अवकल समीकरणंच. तिथे उद्या लागणारी माणसं आमच्या वर्गांतूनही येऊ शकतात.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या प्रवेशफेरीआधी परिषदेने सर्व संस्थांना स्पष्ट पत्रक काढावं : गणितात एम.एस्सी. किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि संबंधित गेट पेपरचा स्कोअर असेल, तर जवळच्या शाखेचा अर्ज स्वीकारावा, मुलाखत घ्यावी, आणि कमी पडणाऱ्या विषयांचं एक जोडसत्र श्रेयांकांसह करवून घ्यावं. निवड संस्थेने तिच्या निकषांवरच करावी. सवलत आम्ही मागत नाही. आणि ते जोडसत्र विद्यावेतनात धरावं, नाहीतर ते फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना परवडेल.

आपली,
बडोद्यातील एक गणिताची प्राध्यापिका