काकूंच्या पेसमेकरबद्दल

सोलापूर

प्रिय दिलीप,
स. न. वि. वि.

काकू पेसमेकर बसवून घरी आल्या, हे फार बरं झालं. आता रोज नाडी मोजत बसायचं का, असं तू विचारलंस. आमच्याकडे आप्पांनाही पेसमेकर आहे आणि आई मोजतेच. ते शेंगाचटणी-भाकरी खात असले तरी त्यांचा डावा हात तिच्या ताब्यात! मोजावी, पण नाडी साठ भरली म्हणजे सगळं ठीक, असं समजू नकोस. हृदयाचा स्वतःचा ठोका उशिरा आला की पेसमेकर आपला ठोका देतो. यंत्राचा दर मिनिटाला ६० ठोक्यांवर लावलेला असेल, तर नाडी सहसा त्याखाली जातच नाही. त्यातले ठोके हृदयाचे किती आणि यंत्राचे किती, हे बोटांना कळत नाही. उलट मधेच एखादा ठोका अवेळी पडला तर तो मनगटापर्यंत पोचत नाही, नाडी कमी भरते आणि उगाच घबराट होते. मात्र चक्कर आली, भोवळ आली किंवा नाडी वारंवार लावलेल्या दराखाली भरली, तर वाट बघायची नाही.

खरी माहिती तपासणीत मिळते. छातीवर एक चकती ठेवतात आणि सगळी नोंद पडद्यावर येते: बॅटरी किती उरली, हृदयात गेलेल्या तारा नीट आहेत का, किती टक्के ठोके यंत्राने दिले. मग विजेचा दाब हळूहळू कमी करत, किती व्होल्टला हृदय दाद देतं तेही बघतात. आप्पा जन्मभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते, त्यामुळे तिथे बसले की पेशंट कोण नि तंत्रज्ञ कोण तेच कळत नाही. १९५८ साली स्टॉकहोममध्ये ज्याला पहिला पेसमेकर बसवला, त्याचं यंत्र काही तासांतच बंद पडलं, पुढे कितीतरी यंत्रं बदलावी लागली, तरी तो गडी २००१ पर्यंत जगला, ही गोष्ट ते येईल त्याला ऐकवतात.

मागच्या तपासणीत त्यांच्या नोंदीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. काही तास हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत होते आणि आप्पांना पत्ताच नाही! अशात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची का, हे डॉक्टर वय, बीपी, साखर आणि असा झटका किती वेळ टिकला ते बघून ठरवतात. आता तूच सांग, हे नाडी मोजून कळलं असतं का?

उशाशी ठेवायचा मॉनिटर जमत असेल तर जरूर घे. तो रात्री यंत्रातली नोंद परस्पर दवाखान्याला पाठवतो. पण तिकडे कुणी चोवीस तास डोळे लावून बसलेलं नसतं. तो डबा म्हणजे १०८ नव्हे, हे घरात सगळ्यांना बजावून ठेव.

मोबाईल वापरायला हरकत नाही, फक्त वरच्या खिशात नको आणि धरायचा पेसमेकर नसलेल्या बाजूच्या कानाला. पेसमेकरचं ओळखपत्र काकूंच्या पर्समध्ये असू दे आणि त्याचा फोटो तुझ्याकडे. एमआरआय सांगितला तर आधी तेच दाखवावं लागतं.

गड्ड्याच्या यात्रेला काकूंना घेऊन ये. आणि आप्पा विचारताहेत, काकूंच्या यंत्राचा खालचा दर किती ठेवलाय? कळव.

तुझा,
प्रकाश