रांगोळीचा फोटो वरून काढा

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"रात्री दीडपर्यंत काय करत असतेस?" असं आईने फोनवर दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा "काम" म्हणून सांगितलं. काम नव्हतं. चित्रं करत होते. फ्रॅक्टलची.

आई, फ्लॉवरचा तुरा तोडला की तो अख्ख्या गड्ड्यासारखाच दिसतो ना, आणि त्यातला तुरा पुन्हा तसाच? तेच हे. अशा आकारांना फ्रॅक्टल हे नाव १९७५ साली मँडेलब्रॉट या गणितज्ञाने दिलं. माझं सॉफ्टवेअर अ‍ॅपोफिसिस, फुकट मिळतं. उघडलं की स्वतःच भराभर आकृत्या करून पुढ्यात टाकतं. पहिले आठ दिवस त्यातल्याच देखण्या निवडून मी "मी केलं" म्हणून मिरवत होते. (बाबा, हसू नका.) खरी मजा त्रिकोणांच्या खिडकीत आहे. एकेक त्रिकोण म्हणजे एकेक नियम: बिंदू इतका सरकव, इतका फिरव, इतका आक्रस. कोपरा जरासा ओढला की मोरपिसाचं धुकं होतं. आवडलं की लगेच सेव्ह करायचं, नाहीतर तेच पुन्हा जमेल याची खात्री नाही. मोठ्या आकारात काढायला घेतलं की लॅपटॉप गिरणीसारखा घरघरतो.

पण काळ्यावर नुसता चमकता धूर किती दिवस बघणार? म्हणून गिम्प या चित्रं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन चित्रं एकावर एक ठेवायला लागले आणि तिथेच अडले. वरच्या लेयरच्या, म्हणजे वरच्या थरातल्या चित्राच्या, काळ्याने खालचं सगळं झाकलं. तासभर खोडरबराने काळं पुसत बसले! मग कळलं, लेयरचा मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळायची पद्धत, 'स्क्रीन' केला की काळं आपोआप जातं, उजेड तेवढा उरतो. 'मल्टिप्लाय'मध्ये उलट, पांढरं जातं. बाबा, हे तर तुमचंच की! प्रेसमध्ये पिवळ्यावर निळी प्लेट चढली की हिरवं व्हायचं, ते मल्टिप्लायच. मला भिंगातून ठिपके दाखवायचात, आठवतं?

एक प्रिंट अप्पा बळवंत चौकाजवळ काढून घेतली. स्क्रीनवर पेटलेला निळा कागदावर मळका उतरला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "असंच येतं." उजेडाचा रंग शाईत पुरता उतरत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण कुठे काय कमी करायचं हे तुमच्या नजरेला कळेल. सोबत पाठवतेय. पेन्सिलीने खुणा करा, अगदी निर्दयपणे.

आणि आई, तुझ्या ठिपक्यांच्या रांगोळीचा एक फोटो हवाय. तिरका नको, फोन रांगोळीच्या बरोब्बर वर आडवा धरून. तू स्टुलावर चढू नकोस, बाबांना सांग. गेरूची जमीन इथे काळी करून 'स्क्रीन' लावला की नुसत्या तुझ्या रेघा उरतील, आणि त्यांच्याखाली माझा धूर.

तुमची,
मनू