भक्तनिवासातली एक खोली द्या: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या महिला कारागृहातून जामिनावर सुटणारी बाई गेटबाहेर येते तेव्हा बहुधा दिवेलागण झालेली असते. आदेश दुपारी होतो, कागद पोहोचतो, नोंदी होतात, झडती होते आणि मग गेट उघडते. हातात कपड्यांची पिशवी. मोबाईल आणि आधार कार्ड अटकेच्या वेळीच जप्त झालेले असले, तर ते मुद्देमालात पडून असतात आणि सोडवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो. पुरुष सुटला की न्यायला बायको नाहीतर आई आलेली दिसते. बाईला न्यायला फारसे कोणी येत नाही. गुन्हा नवऱ्याच्या खुनाचा असेल तर सासरचे नाव काढायलाच नको, आणि माहेरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे असते.

कारागृहाच्या आत अध्यात्माची टंचाई नाही. भजन, प्रवचन, प्रार्थनासभा, ध्यान सगळे चालते. विपश्यनेचे शिबिर जयपूरच्या कारागृहात 1975 मध्येच झाले होते. तिहारमध्ये 1994 साली हजारभर बंदी एकत्र बसले. पण आत रोज मनःशांतीचे धडे घेतलेल्या बाईला बाहेर आल्यावर रात्री पाठ टेकायला जागा नसते. प्रिझन मिनिस्ट्री इंडियासारखी कॅथलिक संस्था सुटलेल्यांसाठी काही पुनर्वसन केंद्रे चालवते. बाकी धर्मसंस्थांचा ओघ गेटपाशी थांबतो.

आमची मागणी प्रवचनांची नाही. देवस्थाने, गुरुद्वारे, कॉन्व्हेंट, दर्गे, विहार यांच्याकडे तीन गोष्टी तयार आहेत: खाट, दोन वेळचे जेवण आणि पत्ता. यातली तिसरी सर्वात मोलाची, आणि तिचाच विचार कोणी करत नाही.

पत्ता नसला की काय अडते ते पाहा. बाई दोन-तीन वर्षे आत असेल तर सिमकार्ड केव्हाच बंद पडलेले असते आणि तो नंबर दुसऱ्या कोणाला गेलेलाही असू शकतो. आधारचा ओटीपी त्याच नंबरवर जातो. दोन वर्षे व्यवहार नसल्याने बँक खाते निष्क्रिय होते. ते पुन्हा सुरू करायला केवायसी, केवायसीला पत्ता. शिधापत्रिकेतून नाव घरच्यांनी कमी केलेले असते. मूल बालगृहात असेल तर बालकल्याण समिती ते ताब्यात देण्याआधी राहत्या जागेचा अहवाल मागते, आणि ते योग्यच आहे. पण बाई स्टेशनवर झोपत असेल तर अहवाल कशाचा करणार? तुमच्याच विभागाचे मुक्त बंद्यांसाठीचे सहायक अनुदानसुद्धा कागदांच्या याच साखळीत अडकते.

शासनाकडे निवारे नाहीत असे नाही. स्वाधारगृह योजनेत आधार नसलेल्या, सुटलेल्या महिला बंद्यांचा स्पष्ट उल्लेख होता. ती योजना आता शक्ती सदन या निवारा योजनेत विलीन झाली आहे. तिथपर्यंत पोहोचेतो मधले काही दिवस जातात. भक्तनिवास हवे ते या मधल्या दिवसांसाठी, फार तर नव्वद दिवस.

पण आजच्या नियमांनी ते मिळणार नाही. कित्येक धर्मशाळांत पाटी असते, ‘एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही’. ओळखपत्र सक्तीचे, मुक्काम दोन-तीन दिवस. तेव्हा कारागृह अधीक्षकांनी दिलेले फोटोसह सुटकेचे प्रमाणपत्र ओळखपत्र म्हणून चालेल, मुक्काम नव्वद दिवसांपर्यंत वाढेल आणि एकट्या बाईला नकार दिला जाणार नाही, असे परिपत्रक हवे. पंढरपूर, सिद्धिविनायक आणि शिर्डी या देवस्थानांसाठी अनुक्रमे 1973, 1980 आणि 2004 चे स्वतंत्र कायदे आहेत, समित्या नेमण्याचा अधिकार कायद्याने शासनाचाच आहे. तिथे आर्जव करत बसायचे कारण नाही. बाकीच्या न्यासांसाठी धर्मादाय आयुक्तांमार्फत जावे. सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेव्हा न्यासाकडे खाट मागणे या राज्याला नवे नाही. आम्ही टक्केवारीही मागत नाही. मोठ्या न्यासामागे एक खोली, दोन खाटा.

आता बिघडते कुठे ते. खाट प्रार्थनेच्या बदल्यात मिळू लागली की सगळे फसते. सकाळच्या आरतीला आली नाही म्हणून नाश्ता नाही, नमाज पढायला जागा नाही, रमजानमध्ये सहरीला स्वयंपाकघर बंद, पाळीच्या चार दिवसांत ‘बाहेर’ बसायचे. असे झाले तर बाई आठवड्यात निघून जाते, आणि जिकडे जाते तिथून पुन्हा केस लागायला वेळ लागत नाही. दुसरी अडचण ‘सेवे’ची. महाप्रसादाच्या स्वयंपाकघरात दिवसाचे दहा तास पोळ्या लाटून घ्यायच्या आणि तिला सेवा म्हणायचे, हे फुकटचे काम झाले. त्याला किमान वेतन द्या आणि ते तिच्या खात्यात भरा. तिसरी, उत्सवात तिला मंचावर बोलावून पश्चात्ताप वदवून घेणे. जामिनावरची बाई अजून दोषी ठरलेली नसते. चार लोकांसमोर बोललेले तिच्या खटल्यात तिच्याच विरुद्ध जाऊ शकते. फोटो तर नकोतच.

घटनेच्या अनुच्छेद 27 नुसार करातला पैसा एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी वापरता येत नाही. म्हणून शासनाचा पैसा खाटेसाठी न देता परिविक्षा अधिकाऱ्याच्या (सुटलेल्यांची विचारपूस आणि देखरेख करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याच्या) फेऱ्यांसाठी, वकिलासाठी आणि प्रवासभाड्यासाठी द्यावा. खाट न्यासाची, कागद शासनाचे. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरवड्याला एकदा यावे आणि बाईशी व्यवस्थापकांना बाहेर बसवून बोलावे.

एक बारीक गोष्ट, पण हिच्यामुळे बायका परत आत जातात. जामिनाच्या अटींत पोलीस ठाण्यात हजेरी असते, कधी कधी जिल्हा सोडायचा नाही अशीही अट असते. मुंबईच्या केसमधल्या बाईला शिर्डीला ठेवले तर पहिल्याच आठवड्यात अट मोडते. त्यामुळे खोली त्याच जिल्ह्यात हवी. नसेल तर हलवण्याआधी न्यायालयाची परवानगी, आणि पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या दाराला लावलेली.

सुटकेचा दिवस आधी कळणार नाही. शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्यांचा कळतो, खटला चालू असलेल्या कच्च्यांचा नाही. त्यामुळे महिला बराकीतल्या प्रत्येकीला ‘सुटलीस तर जाशील कुठे’ हे आधीच विचारून ठेवावे लागेल आणि उत्तर ‘माहीत नाही’ असेल त्यांची यादी दर सोमवारी मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे व परिविक्षा अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. सुरुवात भायखळा आणि येरवड्यापासून करा. गेटवरच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: ‘न्यायला कोण आले’. तो कोरा राहिला तर ड्यूटीवरच्या महिला शिपायाने यादीतल्या न्यासाला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत बाईला आतल्या बाकावर बसू द्यावे.

आपले,
सुटलेल्या महिला बंद्यांसोबत काम करणारे कार्यकर्ते

प्रत: गृह विभाग, विधी व न्याय विभाग, धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य