छप्पर नको, चुना पुरे

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या पडक्या मठांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण शेवटी लेखक म्हणतात की एवढा पैसा असून ते लोक यॉर्कशरची फाउंटन्स ॲबी, म्हणजे तिथला जुना पडका मठ, परत बांधून का काढत नाहीत. तेवढ्यावरच लिहितोय. मुलगा लीड्सला असतो म्हणून दोनदा तिथे जाऊन आलोय आणि आयुष्य सगळं बांधकामाच्या साइटवर गेलंय, त्यामुळे राहवलं नाही.

पहिलं म्हणजे त्या मठाचं छप्पर काही म्हातारपणाने पडलेलं नाही. 1132 मध्ये यॉर्कच्या मठात भांडण होऊन 13 साधू बाहेर पडले, स्केल नदीकाठच्या ओसाड खोऱ्यात राहिले आणि पुढे त्यांचा मठ मेंढ्यांच्या लोकरीवर असा काही गब्बर झाला की विचारू नका. मग 1539 ला राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला, छपराचं शिसं उतरवून वितळवलं, बाकीचं काम पावसाने केलं. इथलेच दगड नेऊन शेजारी फाउंटन्स हॉल नावाचा वाडा उठला. आता नवं छप्पर घालायचं म्हणजे यातलं काही झालंच नाही असं दाखवायचं का?

दुसऱ्या महायुद्धानंतर खरंच अशी टूम निघाली होती, युद्धात गेलेल्या कॅथलिक लोकांच्या स्मरणार्थ मठ परत उभारायचा म्हणून. विरोध झाला, बारगळलं. बरं झालं! कारण हौशी दुरुस्ती काय करते ते तिथेच दिसतं. 1767 ला शेजारच्या जमीनदाराने, विल्यम एस्लबीने, हे अवशेष विकत घेतले, आपल्या बागेचा देखावा म्हणून, आणि जुन्या फरशा गोळा करून वेदीपाशी बसवल्या. मला वाटलं साधूंनीच घातल्यात, फसलो की.

1983 पासून जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, 1986 ला जागतिक वारसा झाली. मी गेलो तेव्हा एक गवंडी परातीवर चुन्याचा माल घेऊन बारीक थापीने दगडांच्या दरजा भरत होता, तासाभरात हातभर भिंत झाली असेल. आमच्या साइटवर असता तर मुकादमाने हाकलला असता. पण चुना मऊ, ओल बाहेर पडू देतो, खराब झाला तर चुना जातो, दगड राहतो. म्हणून तर कोठाराचं 300 फूट लांब कमानदार छत अजून उभं आहे, आत वटवाघळं राहतात, त्यांनाही कुणी उठवत नाही.

आमच्या गावच्या वाड्याला मीच हौसेने सिमेंटचा गिलावा मारला होता, वीसेक वर्षं झाली. आता गिलावा जसाच्या तसा आहे आणि आतल्या विटा बोटाने उकरल्या तरी भुगा होतो.

कळावे,
तुमचा एक वाचक, पुणे