मशीनचे फोटो छापलेत, आता आईसाठी खुर्ची आहे का तेही विचारा

माननीय संपादक,

कालच्या अंकातला एनआयसीयूवरचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागावरचा लेख वाचला. बाळांना ऊब देणारे नवीन वॉर्मर आले, व्हेंटिलेटर आले, चांगलंच झालं. पण शेवटी 'आईवडिलांनी धीर ठेवावा, पॉझिटिव्ह राहावं' एवढं सांगून लेख संपवलाय ते वाचून मला राहवलं नाही. धीर कुठे बसून ठेवायचा तेही लिहायला हवं होतं. आम्ही मागच्या हिवाळ्यात इथेच इंदूरला हे सगळं भोगलंय म्हणून लिहितेय.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अचानक बीपी वाढलं, ३२व्या आठवड्यात सिझर करावं लागलं, बाळ १४०० ग्रॅमचं. लगेच पेटीत ठेवलं. डॉक्टर चांगले होते, सिस्टर तर रात्रंदिवस राबत होत्या, त्यांना मी अजिबात बोल लावणार नाही. पण टाके ओले असतानाच लेकीला डिस्चार्ज दिला कारण बेड दुसऱ्या पेशंटला हवा होता, आणि बाळ आतच. मग बाळंतिणीने जायचं कुठे? दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्या, रात्रीसुद्धा, नाहीतर दूध आटेल असं सांगितलेलं, आणि काढायला जागा म्हणजे जिन्याखालचा कोपरा. मी शाल धरून आडोसा करायची, वॉर्डबॉय, नातेवाईक, चहावाला सगळे शेजारून जायचे आणि माझी पोर भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध पिळायची. ज्या बाईने शेक-शेगडी घेऊन पडून राहायचं ती डिसेंबरच्या थंडीत फरशीवर.

एका रात्रीचं दूध सकाळी जसंच्या तसं परत आलं. वाटीवर नाव आणि वेळ लिहिलेली पट्टी नव्हती म्हणून वापरलं नाही म्हणे. बरोबरच आहे, कुणाचं दूध कुणाच्या बाळाला जायला नको. पण पट्टी लावायची असते हे आधी कुणी सांगायचं होतं? चमचाभर चिकाचं दूध, पिवळंधमक, त्यासाठी तिने अर्धा तास कळ सोसली होती. आतड्याच्या आजारापासून अशा बाळांना आईचं दूधच वाचवतं हे आम्हाला कळलं ते कुठल्या बोर्डावरून नाही, धारहून आलेल्या एका बाईकडून. तिचं बाळ आमच्या आधीपासून आत होतं. वाटी उकळून कशी घ्यायची, पट्टी कुठे चिकटवायची, बाळाला नळीने का पाजतात (३४ आठवड्यांपर्यंत चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं याचा मेळ बसत नाही, म्हणून), सगळं तिनेच शिकवलं. बाहेरच्या बाकावर बसून. तिचे उपकार मी विसरणार नाही, पण हे काम एका थकलेल्या आईने करायचं का?

आणि बाळाची खबर कशी मिळायची, तर गार्ड दार उघडून ओरडणार, 'फलानी के साथ कौन है?' की सगळ्यांच्या छातीत धस्स. औषधाची चिठ्ठी द्यायला बोलावलंय की वाईट काही सांगायला, ते दारापर्यंत जाईस्तोवर कळत नाही. दिवसातली एक वेळ ठरवून, खाली बसवून, दोन मिनिटं कुणी बोललं तरी माणूस तग धरतो हो.

बरं मी काही जगावेगळं मागत नाहीये. पालकांना आत घ्या, शिकवा, बाळाच्या सेवेत सामील करा असे दिशानिर्देश केंद्र सरकारनेच २०१७ मध्ये काढलेत. दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल आणि आफ्रिकेतल्या चार देशांतली हॉस्पिटलं मिळून मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. १ किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतची बाळं, म्हणजे आमच्या नातवासारखीच, जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवली, आईचा बेड त्याच युनिटमध्ये लावला, तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. यालाच कांगारू केअर म्हणतात. त्याला मशीन लागत नाही, आई लागते. आणि आईला आपण दाराबाहेर काढतो, इन्फेक्शन होईल म्हणून.

आता तुमच्या लेखासोबतचा फोटो बघा. वॉर्मरच्या भोवती सात-आठ पाहुणे, गळ्यात हार, पायात बूट, एकाच्याही तोंडाला मास्क नाही. आम्हाला चपला काढून, हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन घालून दहा मिनिटं मिळायची. हा फोटो छापताना तुमच्या ऑफिसात कुणालाच काही वाटलं नाही का?

घरच्यांबद्दल पण लिहितेच. भेटायला आलेल्या एक नात्यातल्या बाई लेकीच्या तोंडावर म्हणाल्या, 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.' आपल्याकडे हे पिढ्यान्पिढ्या चाललंय आणि हे साफ खोटं आहे, पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ बळकट. लेक दोन दिवस जेवली नाही त्यानंतर आणि दूध निम्म्यावर आलं. धीर देता येत नसेल तर डबा द्यावा आणि निघावं. जावई पुण्याला प्रायव्हेट कंपनीत, तिथे बापाला रजेचा कायदाच नाही, आठवडाभरात परत जावं लागलं. आईची २६ आठवड्यांची रजा आहे पण बाळ पेटीत असतानाचे दिवस त्यातच कापले जातात. इंग्लंडात एप्रिल २०२५ पासून अशा आईवडिलांना वेगळी १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते. आपल्याकडे कुणी हा विषय काढतं का?

नातू आता रांगतोय, देवाची कृपा. पण एका बाबतीत थोडक्यात निभावलं. डिस्चार्ज कार्डाच्या खालच्या ओळीत 'आरओपी' एवढंच लिहिलेलं, आम्हाला वाटलं औषधाचं नाव असेल. ते डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचं होतं. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावे लागतात, फार लहान असेल तर त्याहून आधी. वेळ चुकली तर नजर जाऊ शकते. बाळ दिसायला छान असतं, डोळे उघडून बघतं, घरच्यांना शंका पण येत नाही. आम्हाला हे घरी गेल्यावर ओळखीच्या एका सिस्टरने सांगितलं. ज्यांच्या ओळखीची सिस्टर नाही त्यांनी काय करायचं?

म्हणून विनंती आहे, डोळ्यांच्या तपासणीची ही माहिती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चौकट करून छापा. आणि पुढच्या वेळी वार्ताहर पाठवाल तेव्हा उद्घाटनाला नका पाठवू, रात्री अकरानंतर शहरातल्या सगळ्या एनआयसीयूंच्या दाराशी पाठवा, सरकारी असो की प्रायव्हेट. बाहेर किती आया बसल्यात, किती जणींना खुर्ची आहे, दूध काढायला दार लागणारी खोली आहे का, ते हॉस्पिटलच्या नावानिशी छापा.

आपली नेहमीची वाचक,
एक आजी, रामबाग, इंदूर