तुंगुस्काच्या जंगलातून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अरे, अखेर तुंगुस्काला, 1908 मध्ये आकाशात तो प्रचंड स्फोट झाला त्या जागी, जाऊन आलो! पहिलं पत्र तुलाच लिहितोय.

सायबेरियातल्या वानावारा गावातून आम्ही निघालो. तो प्रदेश 1995 पासून राखीव आहे, म्हणून आधी परवानगी, सोबत वाटाड्या, आणि मग पायपीट. स्फोटाची जागा गावापासून सरळ रेषेत साधारण 65 किलोमीटर. पण दलदल सरळ जाऊ देते कुठे? पाय टाकला की शेवाळ खचतं, बूट ओढून काढावा लागतो. डासांचं तर विचारूच नकोस. जेवताना तोंडावरची जाळी उचलायची, घास घ्यायचा, लगेच जाळी खाली.

30 जून 1908 च्या सकाळी याच वानावारात एक माणूस घराच्या पायरीवर बसला होता. उत्तरेचं आकाश दुभंगून आग दिसली, अंगातला सदरा पेटल्यासारखा वाटला आणि तो लांब फेकला गेला. इतक्या अंतरावर ही अवस्था! चालताना तेच अंतर मी पायांनी मोजत होतो, आणि दर मुक्कामाला छाती जास्तच दडपत होती.

सुमारे 2150 चौरस किलोमीटरवरची अंदाजे 8 कोटी झाडं आडवी झाली. आता तिथे नवं जंगल उभं आहे, पण शेवाळात जुने, राखाडी पडलेले ओंडके अजून सापडतात. त्यांची मुळं मध्याकडे, शेंडे बाहेर. मी एकेका खोडावर होकायंत्र ठेवून पाहिलं. पुढच्या टेकडीवर दिशा थोडी बदललेली! 1927 मध्ये या स्फोटाचा शोध घेणारे रशियन संशोधक लिओनिद कुलिक याच खुणांवरून मध्यापर्यंत पोचले होते.

आणि त्या मध्यात खड्डाच नाही, सुहास. तिथली झाडं तर उभीच राहिली होती, फांद्या झडून नुसते खांब. स्फोट जमिनीवर नाही, पाच ते दहा किलोमीटर उंचीवर झाला. खाली धक्का सरळ डोक्यावरून आला. कुलिक मात्र अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, जमिनीतच आहे असं मानून खणत राहिले. 1929 मध्ये त्यांनी एक गोल दलदल उपसली, तर तळाशी मुळांसकट झाडाचा बुंधा! म्हणजे तिथे काही आदळलंच नव्हतं. त्यांच्या लाकडी झोपड्या अजून उभ्या आहेत. एकीच्या दाराशी मी बराच वेळ बसलो. 1942 मध्ये ते जर्मनांच्या कैदेत टायफसने गेले. त्या हट्टी माणसाबद्दल मला फार माया वाटते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. हा प्रदेश निर्मनुष्य होता असं आपण सहज म्हणून जातो. पण ते एवेंकी लोकांचं रान होतं. त्यांचे तंबू उडाले, रेनडियरचे कळप मेले. ज्यांचं सगळं त्या कळपांवर चालायचं, त्यांच्यासाठी ते विज्ञानातलं कोडं नव्हतं.

चेको सरोवर राहून गेलं. मध्यापासून ते जेमतेम 8 किलोमीटरवर आहे. अशनीच्या एका तुकड्यानेच ते खोदलं, असा दावा इटालियन संशोधकांनी 2007 मध्ये केला. सरोवराच्या तळाचा गाळ 1908 हून जुना आहे, असं रशियन संशोधक म्हणतात. तू भूगर्भशास्त्राचा माणूस, तेव्हा तुझं मत हवंय, आणि तेही काठावर उभं राहून. पुढच्या जुलैत येतोस का? परवानगीला वेळ लागतो, म्हणून लवकर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद